आवाज थांबले, पण धागा सुटतो
(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

आमचं गाव चौक. मीरा-भाईंदर महापालिकेच्या हद्दीतलं, उत्तनच्या पुढचं, खाडीच्या तोंडावरचं. टेकडीवर धारावीचा पडका किल्ला आहे. तिथं उभं राहिलं की समोर पाण्यापलीकडे वसई दिसते. १७३९ साली चिमाजी आप्पांनी वसई घेतली, त्या मोहिमेत हा किल्ला फार मोक्याचा होता, असं मी शाळेत मुलांना वर्षानुवर्षं शिकवलं. आज मात्र इतिहास सांगायचा नाही. आज माझ्या धाकट्या भावाबद्दल बोलायचं आहे. त्याच्या परवानगीने बोलते आहे. 'नाव सांगू नको, बाकी सगळं सांग,' असं तो म्हणाला.

एक जुना प्रसंग सांगते. आईने त्याला बाजारात धाडलं. चार कामं होती. सुतळी आणायची, जाडं मीठ आणायचं, आईच्या रक्तदाबाच्या गोळ्या घ्यायच्या आणि येताना काकांकडे निरोप द्यायचा. दीड तासाने तो परत आला, हातात फक्त सुतळी. आई विचारते, 'मीठ कुठाय?' हा गप्प. 'गोळ्या?' गप्पच. काका घरी आले होते, ते म्हणाले, 'वेड गेलं, आता आळस भरला अंगात.'

मी त्याला बाजूला घेऊन विचारलं, 'अरे, गेला होतास ना दुकानात?' आणि श्रोतेहो, त्याने मला ते दुकान असं सांगितलं, की मी थक्क झाले. गल्ल्याजवळ कोणत्या रंगाची बरणी होती, वजनकाट्याच्या पारड्याला कुठे पोचा आला होता, पोत्यावर मांजर कशी पाय दुमडून बसली होती. सगळं डोळ्यांपुढे असल्यासारखं. ज्याच्या डोक्यात एवढं स्वच्छ चित्र राहतं, त्याच्या डोक्यात मीठ आणि गोळ्या का राहत नाहीत? मला वाटलं, हा सोंग करतो आहे. आणि मी त्याला बोलले. चार माणसांसमोर, ओट्यावर उभं राहून बोलले. 'आयतं खायची सवय लागली तुला,' हे माझे शब्द. त्यानंतर तीन महिने तो घराच्या उंबऱ्याबाहेर पडला नाही.

माझ्या त्या चुकीमुळेच आज तुमच्याशी बोलते आहे.

भावाला आजार जडला १९९४ साली. तेव्हा तो एकोणीस वर्षांचा होता, काकांच्या बोटीवर खलाशी होता. आधी त्याची झोप गेली. मग तो एकटाच किनाऱ्यावर बसू लागला. मग म्हणायला लागला, 'बाबा हाका मारतायत, जाळी ओढा म्हणतायत.' बाबा जाऊन तेव्हा चार वर्षं झाली होती. घरात रडारड. कुणी म्हणालं बाहेरची बाधा आहे, कुणी म्हणालं समुद्रावर काही दिसलं असेल. भगत झाले, अंगारे झाले, दोरे झाले. त्यात दीड वर्ष गेलं. शेवटी एका सरकारी रुग्णालयात मानसोपचारतज्ज्ञांनी नाव सांगितलं, स्किझोफ्रेनिया. औषधं सुरू झाली. काही महिन्यांत हाका विरत गेल्या. आम्ही पेढे वाटले. आम्हाला वाटलं, आजार संपला.

तो संपला नव्हता. त्याचा जो भाग आरडाओरडा करतो, तो शांत झाला होता. जो भाग मुकाट्याने माणसाला पोखरतो, त्याच्याकडे आमचं लक्षच नव्हतं.

या आजाराला मराठीत छिन्नमनस्कता म्हणतात. स्किझोफ्रेनिया हा शब्द १९०८ साली ऑयगेन ब्लॉयलर या स्विस डॉक्टरांनी वापरात आणला. नावात 'दुभंगणं' आहे, म्हणून सिनेमावाल्यांनी त्याचा अर्थ 'एका माणसात दोन माणसं' असा करून टाकला. ते साफ चूक आहे. दुभंगतात ते विचार, भावना आणि कृती यांना जोडणारे दुवे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे जगात साधारण तीनशे माणसांमागे एकाला हा आजार आहे. म्हणजे तुमच्या गावात, तुमच्या सोसायटीत तो असणारच. फक्त दाराआड असेल.

आता त्या दुकानाच्या चित्राकडे येते. श्रोतेहो, क्षणभर डोळे मिटा आणि तुमच्या लहानपणच्या घराची खिडकी आठवा. काहींना तिचे गज, रंग, कोयंडा, सगळं दिसेल. काहींना अंधुक दिसेल. काहींना काहीच दिसणार नाही, फक्त 'खिडकी होती' एवढं ठाऊक असेल. १८८० साली फ्रान्सिस गाल्टन या इंग्रज शास्त्रज्ञाने लोकांना असाच प्रश्न विचारला होता, सकाळच्या न्याहारीचं टेबल डोळ्यांपुढे आणा आणि काय दिसतं ते सांगा. तेव्हा कळलं की मनातलं चित्र प्रत्येकाचं वेगळं असतं, आणि ते ठळक असणं किंवा नसणं हा काही आजार नव्हे.

स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांबद्दल मात्र एक लक्षणीय गोष्ट पुढे आली. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या जर्मनीतल्या एका अभ्यासात रुग्णांनी आपली मनातली चित्रं निरोगी लोकांपेक्षा अधिक ठळक असल्याचं सांगितलं. भास किती तीव्र आहेत, याच्याशी त्या ठळकपणाचा थेट संबंध दिसला नाही. २००९ सालच्या पुढच्या अभ्यासात रुग्णांच्या सख्ख्या नातेवाइकांमध्येही हा ठळकपणा आढळला, आणि स्मरण किंवा लक्ष यांच्या चाचण्यांतल्या यशापयशाशी त्याची सांगड लागली नाही. प्रत्येक अभ्यासात हेच निघालं असं नाही. पण हे मला समजलं तेव्हा मी चमकले, कारण मलाही खिडकीचा कोयंडा दिसतो. मला माझ्या बाबांचा ओला सदरा आजही दिसतो. भावाच्या आणि माझ्या मनात तीच चित्रं आहेत. मग तो आजारी का आणि मी का नाही?

त्याचं उत्तर मला एका डॉक्टरांनी सोप्या शब्दांत दिलं. म्हणाले, 'बाई, टपालावर शिक्का असतो ना, कुठून आलं ते सांगणारा? मनात येणाऱ्या प्रत्येक गोष्टीवर मेंदू तसा शिक्का मारतो. हे मी पाहिलं, हे मी कल्पिलं, हे मला आठवलं. तुमच्या भावाच्या मेंदूत टपाल भरपूर येतं, शिक्का मात्र कधी पुसट उमटतो, कधी चुकीचा.' बाबांची हाक त्याच्या आठवणीतूनच आली होती. शिक्का मात्र बसला 'बाहेरून आली' असा.

याचा एक गमतीचा पुरावा आहे. आपण स्वतःला गुदगुल्या करू शकत नाही, कारण 'हा माझाच हात आहे' हे मेंदूला आधीच ठाऊक असतं. लंडनच्या संशोधकांनी २००० साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात असं दिसलं, की ज्यांना आवाज ऐकू येतात किंवा आपल्याला कुणी दुसराच चालवतो आहे असं वाटतं, त्या रुग्णांना स्वतःचा स्पर्श आणि दुसऱ्याचा स्पर्श जवळजवळ सारखाच वाटतो. स्वतःच्या कृतीची आगाऊ वर्दी मेंदूला नीट पोहोचत नाही. मग स्वतःचाच विचार परक्याचा आवाज होऊन कानावर आला, तर नवल ते काय?

आणि तो आवाज कुणाचा असतो, हेही माणूस कुठे वाढला त्यावर ठरतं. तान्या लुहरमन या मानववंशशास्त्रज्ञ बाई आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतलं सॅन मॅटेओ, घानातलं आक्रा आणि आपलं चेन्नई अशा तीन ठिकाणी वीस-वीस रुग्णांशी बोलून २०१५ साली निष्कर्ष मांडले. अमेरिकेतले रुग्ण मारहाणीच्या, हिंसेच्या आवाजांबद्दल जास्त बोलले. चेन्नईत निम्म्याहून अधिक जणांना घरच्या माणसांचे आवाज येत होते. अमुक काम कर, तमुक कर, असं सांगणारे, रागावणारे, समजावणारे. हे वाचलं आणि माझे डोळे भरून आले. 'जाळी ओढा' म्हणणारे आमचे बाबा काही भूत नव्हते, बाधा नव्हती. आमच्या घरातला रोजचा आवाज होता तो.

आता दुसरी बाजू. मीठ आणि गोळ्या का राहिल्या?

टेलिफोन नंबर ऐकून तो लावेपर्यंत आपण मनात धरून ठेवतो. त्याला कार्यस्मृती म्हणतात. ती एखाद्या ओंजळीसारखी असते, थोडं पाणी, थोडा वेळ. या आजारात ती ओंजळ गळकी होते. शिवाय लक्ष एका जागी टिकत नाही, विचाराचा वेग मंदावतो, आणि 'आधी हे, मग ते' असा क्रम लावणं जड जातं. भावाला दुकानात मांजर दिसलं, लक्ष तिकडे गेलं, तेवढ्यात ओंजळ रिकामी. चित्र राहिलं, काम गेलं. चित्र जपणं आणि कामाचा धागा धरून ठेवणं ही मेंदूची दोन वेगळी कामं आहेत. एक शाबूत असलं, नव्हे, जास्तच तेज असलं, तरी दुसरं दुबळं असू शकतं.

ही अडचण नवी नाही. ब्लॉयलर यांच्या आधी एमिल क्रेपेलिन या जर्मन डॉक्टरांनी या आजाराला 'तरुणपणी येणारा बुद्धिभ्रंश' अशा अर्थाचं नाव दिलं होतं. ते नाव फार निराशेचं होतं आणि सर्वांना लागूही नव्हतं, म्हणून मागे पडलं. पण बुद्धीच्या कामात अडथळा येतो हे त्यांचं निरीक्षण खरं होतं. पुष्कळदा हा अडथळा पहिला आवाज ऐकू येण्याच्या आधीपासून असतो. १९५०च्या दशकापासून जी औषधं आली, ती आवाज आणि संशय यांवर चांगली चालतात, पण या अडथळ्यावर त्यांचा फारसा उपयोग होत नाही. आणि माणूस नोकरी टिकवू शकेल का, एकटा राहू शकेल का, हे बरेचदा याच अडथळ्यावर अवलंबून असतं.

हे मला कळलं ते ओट्यावरच्या त्या प्रसंगानंतर. तो बाहेर पडेना, जेवेना, म्हणून मी त्याला पुन्हा रुग्णालयात नेलं. तिथल्या व्यवसायोपचारतज्ज्ञ बाईंनी त्याला तीन शब्द सांगितले, मध्ये दोन मिनिटं गप्पा मारल्या आणि शब्द विचारले. त्याला एकच आठवला. मग त्या माझ्याकडे वळून म्हणाल्या, 'लंगडणाऱ्या माणसाला तुम्ही धावत का नाहीस म्हणून ओरडाल का?' मी मान खाली घातली. पंचवीस वर्षांपूर्वीची ही गोष्ट, पण ते वाक्य अजून कानात आहे.

त्यानंतर आम्ही घरात काही साध्या गोष्टी बदलल्या. कुणाच्या उपयोगी पडतील म्हणून सांगते.

पहिली गोष्ट, एका वेळी एकच काम. ते झालं की दुसरं. सूचना लहान आणि सरळ. टोमणा नाही, कोडं नाही.

दुसरी गोष्ट, चिठ्ठी. आई म्हणायची, 'लहान पोरासारखी चिठ्ठी काय द्यायची?' मी म्हटलं, चष्मा लावताना लाज वाटते का? चिठ्ठी हा आठवणीचा चष्मा. औषधाच्या गोळ्या वारांप्रमाणे कप्प्यांच्या डबीत. भिंतीवर दिवसाचा क्रम.

तिसरी गोष्ट त्या बाईंनीच सुचवली. त्या म्हणाल्या, 'याच्या मनातली चित्रं एवढी चांगली आहेत, तर त्यांनाच कामाला लावू.' निघण्यापूर्वी तो डोळे मिटून मनातल्या मनात रस्ता चालून यायचा. घर, मग क्रूस, मग धक्का, मग बस थांबा, मग दुकान. क्रुसाच्या पायरीवर मिठाची पिशवी ठेवलेली बघायची. बस थांब्याच्या बाकावर गोळ्यांची पट्टी. जाताना खरा क्रूस दिसला की मीठ आठवायचं. पाठांतराची ही युक्ती जगात फार जुनी आहे. पहिल्या दिवशी मीठ आलं, गोळ्या राहिल्या. आठवड्याने दोन्ही आलं. आईने मिठाची पिशवी कपाळाला लावली.

मात्र हे सगळ्यांना जमतं असं नाही. आजार उसळलेला असताना तर मनातल्या चित्रांशी खेळायचंच नाही. डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नका आणि याला औषधाचा पर्याय समजू नका. लक्ष, स्मरण, नियोजन यांचा पायरीपायरीने सराव करून घेण्याच्या शास्त्रीय पद्धतीही आज आहेत. त्यांची जोड खऱ्या कामाला मिळाली तर फायदा अधिक होतो.

आणि चौथी गोष्ट, हाताला काम. बोट त्याला झेपेना. तांडेल एका दमात चार हुकूम सोडतो, तिथं चुकीला क्षमा नाही. पण जाळं फाटलं की ते दुरुस्त करायला तो बसला, आणि हात चालू लागले. शिकलेली हातोटी बहुधा टिकून राहते, ओंजळ गळली तरी. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, तेव्हा गावभर जाळी दुरुस्तीला निघतात. त्या दोन महिन्यांत आमच्या पडवीत बसायला जागा नसते. बोंबलाच्या दिवसांत तो वलांडीवर बोंबील घालतो. तेही एका लयीचं काम आहे. मजुरी घेतो आणि आईच्या हातात देत होता. आई गेल्यापासून माझ्या हातात देतो.

२००४ साली 'देवराई' चित्रपट आला. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांनी तो केला. त्यातल्या शेषला, म्हणजे अतुल कुलकर्णींना, कोकणातल्या देवराईने पुरतं व्यापलेलं असतं. ती झाडं त्याच्या बाहेर आहेत की आत, हेच त्याला उमगत नाही. आणि त्याला सांभाळणारी बहीण सीना, सोनाली कुलकर्णींनी केलेली. तिची होणारी ओढाताण पाहताना मी चित्रपटगृहात मुसमुसून रडले. शेजारी बसलेला भाऊ म्हणाला, 'बाय, रडू नको, पिक्चर आहे.' शिक्का अगदी बरोबर बसला होता!

या चित्रपटामागे डॉ. जगन्नाथ वाणी होते. धुळ्याचा माणूस, कॅनडात कॅलगरीला प्राध्यापक. पत्नीच्या या आजारातून ते गेले आणि १९९७ साली पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन उभी केली. रुग्णाबरोबर त्याच्या कुटुंबालाही आधार लागतो, हे त्यांनी स्वतः सोसून जाणलं होतं. नातेवाइकांच्या अशा आधारगटात मी पहिल्यांदा बसले, तेव्हा एक गृहस्थ म्हणाले, 'मुलगा दिवसभर लोळतो, आळशी झालाय.' गोलात बसलेल्या आम्ही सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. त्या शब्दाने प्रत्येकाच्या घरात कुणाला तरी जखम केली होती.

काही कामाच्या गोष्टी सांगून थांबते. २०१६ च्या अपंग हक्क कायद्यात मानसिक आजाराचा समावेश आहे. अडचण किती आहे ते तपासून प्रमाणपत्र मिळू शकतं. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने उपचार मिळणं आणि माणूस म्हणून सन्मानाने वागवलं जाणं हा रुग्णाचा हक्क मानला आहे. ऑक्टोबर २०२२ पासून 'टेली मानस' ही सरकारी दूरध्वनी सेवा सुरू आहे. क्रमांक १४४१६, पैसे पडत नाहीत, आणि घरच्या माणसांनाही बोलता येतं. झोप मोडू लागली, तरुण मुलगा वा मुलगी एकलकोंडी झाली, अभ्यासातून अचानक मन उडालं, नसलेलं ऐकू येऊ लागलं, तर थांबू नका. आम्ही दीड वर्ष घालवलं. तुम्ही दीड आठवडाही घालवू नका. आणि बरं वाटलं म्हणून औषध परस्पर बंद करू नका.

आज माझा भाऊ पन्नाशीचा आहे. पूर्ण बरा आहे का? नाही. कधीमधी बाबांची हाक अजून येते. गेल्या पावसाळ्यात आम्ही दोघं किल्ल्यावर गेलो होतो. समोर वसई धुक्यात होती. तो बराच वेळ पाण्याकडे बघत राहिला. माझ्या पोटात गोळा आला. मी विचारलं, 'काय रे, काही ऐकू येतंय?' तो म्हणाला, 'येतंय. पण तुला नाही ना येत?' मी म्हटलं, 'नाही.' 'मग ते माझं आहे,' असं म्हणाला आणि खिशातून चिठ्ठी काढून वाचू लागला. घरी जाताना सुतळी घ्यायची होती.

श्रोतेहो, तुमच्या घरात, शेजारात असं कुणी असेल, कामाचा धागा वारंवार सुटणारं, तर त्याला आळशी म्हणण्यापूर्वी एकदा विचारा, कुठवर धरला होता रे? आणि तिथून तो पुन्हा त्याच्या हातात द्या.